सौजन्याची खाच

डोहणीच्या खाणीत त्या पट्ट्याला सगळे राखी म्हणत. दंडाला बांधायचा, काडेपेटीएवढा, खाली माणूस कुठं आहे ते वर कळवणारा, वर ठिपक्याएवढा हिरवा दिवा. पट्टा बनवला होता पुण्याच्या एका कंपनीनं, पण सुचवला होता सरदार रुपेश पिंपळशेंडेच्या थोरल्या बहिणीनं. सरदार म्हणजे पाळीवरच्या माणसांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर असते तो. त्यानं पहिल्या दिवशी पट्टे वाटले, तेव्हा कोळसा भरणाऱ्यांतला एकजण म्हणाला होता, "काय सरदार, तुमच्या ताईनं यंदा अख्ख्या खाणीलेच भाऊ केलं का?"

"हाव," रुपेश म्हणाला होता. "आता ओवाळणी म्हणून गपगुमान बांधा."

मे महिन्यात एका सकाळी छत कोसळलं आणि नऊ माणसं पलीकडे राहिली. त्यांत रुपेश होता.

त्याची ती थोरली बहीण, ज्योत्स्ना, नागपूरच्या प्रयोगशाळेतून 'चाहूल' हे आपलं यंत्र घेऊन पोचली तेव्हा खाणीच्या तोंडाशी तापलेल्या पत्र्याखाली बायका बसल्या होत्या. त्यांच्यात रुपेशची बायको मोनाली होती. तिनं नणंदेकडे पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "आल्या तुम्ही. आता सापडतील."

बचाव पथकाचे प्रमुख बोरकुटे यांनी लॅम्परूममध्येच ठाणं मांडलं होतं. इथून कामगार दिवा आणि पट्टा घेऊन खाली उतरत, आणि पाळी संपली की इथंच परत लावत. चाहूलचे अँटेना खाली ढिगाऱ्याला टेकवले, केबल वर आणली आणि ती चालवायला शिकलेली खाणीतलीच कविता उईके पडद्यासमोर बसली.

साधा रेडिओ एका ठरावीक वारंवारतेवर बोलतो. चाहूल एकाच वेळी असंख्य वारंवारतांवर बोलते, पण प्रत्येकीवर इतक्या हळू की कुणाला पत्ता लागत नाही. तिचा स्पंद सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतका छोटा असतो. तो कोळशातून जातो, कशाला तरी आपटून परत येतो. श्वास घेणाऱ्या माणसाची छाती काही मिलिमीटर हलते, तेवढ्यानं परतीचा स्पंद मागंपुढं सरकतो. ढिगाऱ्यात सगळं निपचित असताना पडद्यावर एखादी रेघ संथ हलत असेल, तर तिथं माणूस आहे.

अडचण एकच. इतक्या वारंवारता वापरायच्या म्हणजे दुसऱ्यांच्या आवारातून जाणं आलं. खाणीतले वायुमापक, पंपांचे नियंत्रक, बिनतारी फोन, सगळे त्याच हवेत बोलत असतात. ज्योत्स्नाचं नाव झालं ते या अडचणीवरच्या उपायामुळं. तिचं यंत्र आधी ऐकतं. जिथं कुणी बोलत असेल, तेवढ्या वारंवारता स्वतःच्या स्पंदातून कापून टाकतं, म्हणजे आपल्या वर्णपटात तेवढी खाच पाडतं. पंगत बसलेली असताना वाढणारी बाई कुणाच्या पानाला पदर लागू न देता जाते, तसं जातं, असं ती भाषणांत सांगायची. लोकांना ते आवडायचं. त्या खाचेला तिचे सहकारी थट्टेनं 'ज्योत्स्नाची सौजन्याची खाच' म्हणत.

पहिल्याच दुपारी चाहूलनं पाच रेघा दाखवल्या. पाचही माणसं उजव्या अंगाच्या बोळात होती. पथकानं भुसभुशीत कोळशातून माणूस सरपटेल एवढी वाट काढली आणि पाचही जिवंत वर आले. पत्र्याखाली रडणं आणि हसणं एकच झालं. एका म्हाताऱ्या बाईनं चाहूलच्या पेटीला हळदीकुंकू लावलं.

उरलेल्या चौघांची एकही रेघ दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरकुटे म्हणाले, "मॅडम, आता मले एकच वाट खोदता येते. डावीकडं निवारा-कोठडी आहे, नियमाप्रमाणं माणसं तिथंच जातात. उजवीकडं जुना हौद आहे. एक वाट म्हणजे पूर्ण पाळी. दुसरीपर्यंत तिथली हवा टिकत नाही. तुमचं यंत्र काय म्हणून राहिलं?"

"धूसर आहे," उईके म्हणाली. "दोन्हीकडं सारखंच धूसर."

"जिवंत नसतील तर?" बोरकुट्यांनी विचारलं.

मोनाली दारात उभी होती, तिच्या हातात नणंदेसाठी आणलेला चहा होता. तो तिनं टेबलावर ठेवला आणि ती तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली. तिला बाहेर जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

ज्योत्स्नानं चहा घेतला नाही. तिची नजर समोरच्या फळ्यावर गेली होती. लाकडी फळ्यावर खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक खिळ्याखाली रंगानं लिहिलेलं नाव. छत कोसळलं त्या पाळीची शेवटची रांग होती. त्यातल्या पाच खिळ्यांवर पट्टे लटकत होते. चार खिळे रिकामे होते.

"हे पाच पट्टे कुणाचे?" तिनं विचारलं.

"काल जे निघाले त्यांचे," उईके म्हणाली. मग जरा ओशाळून, "ठेकेदाराची माणसं आहेत. बांधतच नव्हते. पट्टा चुगल्या करते म्हणत, कोण कुठं टेकलं ते वर सांगते. सरदार रोज शिव्या घालत त्यांले."

"आणि हे चार?"

"सरदार. अन् ते तिघं. ते बांधल्याशिवाय उतरत नव्हते."

ज्योत्स्ना उठून फळ्याजवळ गेली. पाच नावं तिनं बोटानं मोजली. ज्यांनी ऐकलं नाही, ते पाचही सापडले होते. ज्यांनी तिचं ऐकलं, त्यांतला एकही नाही.

"वर्णपट दाखव," ती म्हणाली. "रेघा नको. आपण काय पाठवतोय ते दाखव."

उईकेनं तो पडदा उघडला. तो कुणी कधी बघत नसे, कारण त्यात बघण्यासारखं काही नसे. आता त्याच्या खालच्या टोकाला, कोळशातून सगळ्यांत चांगल्या जाणाऱ्या वारंवारतांच्या जागी, एक रुंद खाच होती.

तिला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. पट्टेही कोळशातून ऐकू जावेत म्हणून त्याच खालच्या वारंवारता वापरत. रोजच्या कामात ते बोळात उभ्या केलेल्या रेडिओच्या खांबांशी अधूनमधून दोन शब्द बोलून गप्प बसत, आणि चाहूलची चाचणी अशा चालू खाणीतच झाली होती. खांब मोडल्यावर पट्टा काय करतो, हे तिनं तपासलं नव्हतं. उत्तर मिळत नाही म्हटल्यावर पट्टा थांबत नव्हता, सतत ओरडत होता. ढिगाऱ्यातून ते ओरडणं इतकं तुटक येत होतं की जागा कळू नये, पण इतकं तुटकही नव्हतं की चाहूलला ऐकू येऊ नये. चाहूलनं ते ऐकलं, कुणीतरी बोलतंय असं मानलं आणि अदबीनं बाजूला झाली. पहिल्या दुपारी अँटेना जिथं टेकवले होते तिथवर ते ओरडणं पोचत नव्हतं, म्हणून ते पाचजण दिसले होते.

"म्हणजे काय झालं, मले समजेल असं सांगा," बोरकुटे म्हणाले.

ज्योत्स्नानं एकदा टाळी वाजवली. "टाळीत सगळे सूर असतात, म्हणून ती लगेच संपते. विहिरीत टाळी वाजवली तर प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो. तिच्यातले काही सूर काढून घेतले की उरलेले घंटेसारखे घुमत राहतात. खाच पडली की आपला स्पंद घुमतो. छताला लावलेल्या लोखंडी कमानींवरून ते घुमणं परत येतं आणि त्याखाली श्वास बुडून जातो."

"मग खाच बुजवा."

"बुजवता येत नाही."

"काहून?"

दोन वर्षांपूर्वी एका प्रात्यक्षिकात कुणीतरी खाच बंद केली होती आणि खाणीतले वायुमापक मुके झाले होते. नंतरच्या समितीपुढं ज्योत्स्नानंच टिपण मांडलं होतं की, असं बटण चालकाच्या हाती राहू नये. खाच चिपमध्येच कायमची बसवावी. सगळ्यांनी मान डोलावली होती. तिनं स्वतःही.

"मीच बटण काढून टाकलं," ती म्हणाली.

बोरकुट्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "पट्टे आपोआप कधी बंद पडतील?"

"बॅटरी आणखी दोन दिवस चालेल."

"हवा तेवढी नाही."

"पट्टे झोपवता येतात," उईके म्हणाली. "पाळी संपली का आपण इथून झोपेची आज्ञा सोडतो. चाहूलमधूनही सोडता येते, खाचेबाहेरचे तिचे सूर पट्ट्याले ऐकू येतात."

"येते," ज्योत्स्ना म्हणाली. "पण मग ते चार्जिंगच्या मांडणीवर ठेवल्याशिवाय जागे होत नाहीत."

"होऊ नयेत. आपल्याले काय करायचे ते?"

त्यावर मोनाली बोलली. तिचा आवाज अगदी शांत होता. "अन् दिवा?"

तिघांनी वळून पाहिलं.

"पट्टा झोपला का हिरवा दिवाही जाईल ना, ताई? वरचं यंत्र ऐकू आलं का तो लागते. तुम्हीच सांगितलं होतं शिकवताना. हिरवा दिसला म्हणजे वर कुणीतरी आहे. त्यांच्या टोपीवरचे दिवे काल रात्रीच संपले असतील. आता तेवढाच असेल."

"हो."

"अन् पुढचं काय सांगितलं होतं? दिवा गेला तर जागा बदला, थोडं पुढं जाऊन बघा, परत लागेल. पाठ करून घेतलं होतं त्यांनी. घरी म्या धडा घेतला होता त्यांचा."

ज्योत्स्नाला ते आठवलं. खाणीच्या शेडमध्ये, फळ्यावर खडूनं काढलेली आकृती, पुढच्या बाकावर रुपेश, आणि मागून कुणीतरी म्हणालं होतं, "ताई, सरदारची परीक्षा घ्या आधी." ते वाक्य तिनं चालू खाणीसाठी लिहिलं होतं. उभ्या भिंती आणि चालू पंखे असलेल्या खाणीसाठी.

"जुन्या हौदाकडं असतील तर पुढं काय आहे?" तिनं विचारलं.

"गोफ," बोरकुटे म्हणाले. कोळसा काढून सोडून दिलेल्या जागेला खाणीत गोफ म्हणतात. "तिथं हवा मेलेली असते. वास नाही, रंग नाही. पंखा बंद झाल्यापासून ती पुढं पुढं सरकत असेल. माणूस दम घ्यायले म्हणून बसते अन् उठत नाही."

"आणि चौघं एकदम उठतील?"

"नाही." बोरकुट्यांनी तिच्याकडं न बघता उत्तर दिलं. "अनोळखी जागेत आधी सरदार जातो. एकटा. तो हाक मारत नाही तोवर बाकीचे बसून राहतात. पोराले खाणीत घेतलं का पहिलं हेच शिकवतो आपण."

बाहेर पत्रा उन्हानं तडतडत होता. दिवे गेले नाहीत तर चौघं कुठं आहेत ते कळणार नव्हतं, आणि बोरकुटे नियमाप्रमाणं डावीकडं खोदणार होते. दिवे गेले तर एकजण उठून चालू लागणार होता. तो कोण, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

ज्योत्स्ना मोनालीकडं वळली.

"मले नका विचारू, ताई," मोनाली म्हणाली. "मी हो म्हटलं तर मीच मारलं त्यांले. नाही म्हटलं तर बाहेर त्या तिघी बसल्या आहेत, त्यांच्या घरी मीच आग लावली. तुम्ही शिकल्या आहात. तुम्हीच ठरवा."

"साहेब," ज्योत्स्ना म्हणाली, "खाली डबे ओढतात तेव्हा घंटीची खूण असते ना? थांबा म्हणायचं असेल तर?"

"एक ठोका. दोन म्हणजे खाली सोडा, तीन म्हणजे वर ओढा."

"चाहूल थांबवली की दिवा विझतो. चालू केली की लागतो. मी एकदा विझवून परत लावते. एक ठोका."

"त्याले वाटेल यंत्र मिचकलं."

"वाटेल कदाचित."

दुसरं काही सांगायची सोय त्या पट्ट्यात नव्हती. माणसानं खालून आपलं असणं कळवावं, एवढ्यासाठीच तो बनवला होता. वरून काही बोलावं लागेल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

तिनं आधी तिघांचे पट्टे झोपवले. रुपेशचा ठेवला. एक तरी राहू दे, असं ती म्हणाली नाही, पण उईकेनं ते ओळखलं आणि पडदा तिच्याकडं वळवला. खाच तशीच होती. एक माणूस बोलत असो की चार, चाहूल सारखीच बाजूला होत होती. ते सौजन्यही ज्योत्स्नाचंच होतं. दुबळ्यातल्या दुबळ्या आवाजालाही पूर्ण जागा मिळावी, असं तिनं लिहिलं होतं.

"धूसरच आहे," बोरकुटे हळूच म्हणाले.

तिनं चाहूल थांबवली. मनात दहा मोजले. चालू केली. खाली कुठंतरी एक हिरवा ठिपका विझून लागला असेल.

मग तिनं आज्ञा सोडली.

खाच बुजली. पाण्यात तुरटी फिरवावी तसा पडदा आधी गढुळला आणि मग हळूहळू निवळला. उजवीकडं, जुन्या हौदाच्या कडेला, चार रेघा होत्या. जवळजवळ, दाटीवाटीनं. भिजलेल्या कावळ्यांसारखी ती चार माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती.

"उजवीकडं!" बोरकुटे फोनवर ओरडले. "उजवीकडं खोदा, हौदाकडं, चौघं जिवंत आहेत!" आणि ते स्वतः टोपी विसरून बाहेर धावले. पत्र्याखालून एक गलका उठला.

लॅम्परूममध्ये तिघी बायका उरल्या.

बराच वेळ चारही रेघा जागच्या जागी संथ वरखाली होत होत्या. ज्योत्स्नाला वाटलं, त्याला कळलं. एक ठोका. थांब.

मग चारांतली एक रेघ फुटली. छातीची हालचाल अंगाच्या हालचालीत मिसळली आणि तो ठिपका बाजूला सरकला. थांबला. परत सरकला. भिंत चाचपत चालणारा माणूस चालतो तसा.

"रुपेश," ज्योत्स्ना पडद्याला म्हणाली, "बस. बस ना रे."

उईकेनं तिचा हात धरला. मोनाली भिंतीपासून पुढं आली आणि पहिल्यांदाच पडद्याजवळ बसली. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं.

"कोणता?" तिनं विचारलं.

ज्योत्स्नानं बोट ठेवलं. मोनालीनं त्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं आणि ठिपका सरकेल तसं ते सरकवत नेलं. ठिपका गोफाच्या वळणापर्यंत गेला. तिथं थांबला. पुन्हा छातीची रेघ उमटली, आता ती घाईनं वरखाली होत होती.

"बसले वाटते," मोनाली म्हणाली. "दम लागला असेल."

इतकी स्वच्छ रेघ ज्योत्स्नानं प्रयोगशाळेतही पाहिली नव्हती. मधे खाच नसली की यंत्र काय करू शकतं, ते तिला आता दिसत होतं. रेघेचे उंचवटे विरळ झाले. मग बुटके झाले. मोनालीनं बोट उचललं नाही. रेघ सरळ झाली तेव्हाही नाही.

पथक हौदापाशी पोचलं तेव्हा तिथं तिघं होते. वर आल्यावर त्यांच्यातला थोरला, पुंडलिक टोंगे, स्ट्रेचरवरून उठून बसला आणि सरदार कुठं आहे म्हणून विचारू लागला. कुणी सांगितलं नाही, तेव्हा त्याला कळलं.

"आमचे तिघांचे दिवे गेले," तो ज्योत्स्नाला म्हणाला. तो तिला ओळखत होता, राखीवरून चिडवणाऱ्यांत तो पुढं असायचा. "सरदाराचा राहिला. मग तोही विझला अन् परत लागला. एकदाच. सरदार म्हणे, एक ठोका झाला, थांबायले सांगून राहिले. कुणी हलू नका. अन् मग पुरता विझला. आम्ही म्हटलं, गेले वरचे सारे सोडून. तर म्हणे, येडे आहात का? वर ताई आहे. ती कशाले जाते? तिले आपलं ऐकू जाऊन नाही राहिलं, एवढंच. तुमच्यासाठी थांबा सांगितलं, तुम्ही थांबा. मी थोडं पुढं जाऊन पाहतो, कुठं लागतो का दिवा."

तो परत आडवा झाला. "आम्ही थांबलो, ताई. हाक आली नाही, म्हणून थांबूनच राहिलो."

चौथ्याला वर आणायला दुसरा दिवस उजाडला. मोनालीनं त्याच्या दंडावरचा पट्टा सोडून घेतला.

ज्योत्स्ना लॅम्परूममध्ये चाहूलचे वर आणलेले अँटेना आवरत, केबल गुंडाळत होती. यंत्र अजून बंद केलेलं नव्हतं. मोनाली आत आली, नावांच्या फळ्यासमोर उभी राहिली, रुपेशचा रिकामा खिळा तिनं शोधला. पण पट्टा खिळ्याला लावला नाही. पाळी संपवून आलेला माणूस ठेवतो तसा तिनं तो चार्जिंगच्या मांडणीवर ठेवला.

थोड्या वेळानं हिरवा ठिपका लागला. खाणीतले खांब सगळे मेलेले होते. पट्ट्यानं त्यांना हाका मारायला सुरुवात केली.

चाहूलच्या पडद्यावर, वर्णपटाच्या खालच्या टोकाला, एक रुंद खाच पडली.

"हे काय झालं?" मोनालीनं विचारलं.

"काही नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "कुणीतरी बोलतंय, असं वाटलं त्याला. म्हणून बाजूला झालं."